पहिलं बीसीडी घेताय? या चुका टाळा

दुकानात घालून बघितलं तेव्हा मस्त वाटलं, पाण्यात गेल्यावर मात्र छाती आवळायला लागली. स्कूबा नव्याने शिकलेल्यांकडून ही तक्रार सारखी ऐकू येते. बीसीडी म्हणजे अंगात घालायचं, हवा भरता-सोडता येणारं जॅकेट. पाठीवरची टाकी ते धरून ठेवतं, पाण्यावर तरंगवतं आणि खाली असताना एका पातळीवर राहायला मदत करतं. मास्क चुकला तर फार तर पाणी गळतं, पायातले फिन चुकले तर पोटऱ्या दुखतात. बीसीडी चुकलं तर सगळा डाइव्ह त्याच्याशी झगडण्यात जातो आणि मासे बघायचे राहून जातात.

आपल्या मराठवाड्याची अडचण थोडी वेगळी आहे. मालवण काय, गोवा काय, संभाजीनगर किंवा नांदेडहून रात्रभराचा प्रवास. अंदमानला तर विमान बदलून जावं लागतं. मुंबई-पुण्याचा माणूस दुकानात जाऊन दोन-चार जॅकेटं घालून बघतो. आपण मोबाइलवर फोटो बघून मागवतो. चुकलं तर बदलून आणणंही सोपं नाही. म्हणून पैसे भरायच्या आधीच नीट विचार केलेला बरा.

पहिल्याच डाइव्हनंतर खरेदी

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जो हौशी लोकांसाठीचा डाइव्ह होतो, त्यात गाइड मागून टाकी धरून असतो. हवा किती भरायची, कधी सोडायची, सगळं तोच बघतो. इन्फ्लेटरच्या, म्हणजे हवा भरायच्या-सोडायच्या नळीच्या, बटनाला तुमचं बोटही लागलेलं नसतं. त्या अनुभवावर बीसीडी निवडायचं म्हणजे शेजारच्या सीटवर बसून गाडीचं स्टिअरिंग पसंत करण्यासारखं आहे.

आधी ओपन वॉटर हा स्कूबाचा पहिला पूर्ण कोर्स करा. पाडी किंवा एसएसआय, कुठल्याही संस्थेचा चालेल. पाडीच्या कोर्सात खुल्या पाण्यातले चार डाइव्ह असतात आणि तो झाला की सोबत्याबरोबर १८ मीटरपर्यंत जाता येतं. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, शिवाय गोवा, मुरुडेश्वर आणि अंदमानात शिकवणारी केंद्रं आहेत. कोर्सात आणि त्यानंतरच्या काही डाइव्हना भाड्याचंच बीसीडी वापरा, पण डोळे उघडे ठेवून: कुठला ब्रँड, कुठला साइज, कुठे टोचलं, कुठे सैल होतं, हे त्याच संध्याकाळी लिहून ठेवा. या नोंदींसारखा सल्ला विकणारा कधीच देणार नाही. ज्या केंद्राकडे वेगवेगळ्या पद्धतीची जॅकेटं आहेत, तिथे मुद्दाम बदलून मागा. थोडं आर्जव केलं की देतात.

वाढत्या अंगाचं माप घेणं

जरा मोठंच घेऊ, अंगात राहील, ही सवय आपल्या हाडात भिनलेली आहे. शाळेच्या गणवेशापासून लग्नाच्या कोटापर्यंत आपण तेच करतो. बीसीडीत ती अंगाशी येते. मोठं जॅकेट हवा भरली की अंगावरून वर सरकतं, खांद्याचे पट्टे कानापर्यंत येतात, हनुवटी कॉलरमध्ये अडकते आणि पाण्यावर असताना तोंड बाहेर ठेवायला धडपड करावी लागते. खाली गेल्यावर टाकी पाठीवर डावी-उजवीकडे डोलते, ती वेगळीच कटकट.

छातीचा आकडा बघून साइज ठरवू नका, धडाची लांबी तितकीच महत्त्वाची असते. पट्टे बांधल्यावर दोन्ही बाजूंना जागा उरली पाहिजे, आणखी आवळायलाही आणि सैल करायलाही. पट्टा शेवटपर्यंत ओढून मगच नीट बसत असेल तर साइज मोठा आहे. कमरपट्ट्याचे वेल्क्रो जेमतेम टोकाला चिकटत असतील तर लहान. आणि हे बघताना नेहमीचा वेटसूट (पाण्यातला रबरी सूट) अंगात हवा, टी-शर्टवर घेतलेलं माप पाण्यात खोटं ठरतं. आपल्याकडच्या कोमट समुद्रात बहुतेक जण ३ मिलिमीटरचाच सूट घालतात. तोच घाला.

रिकामं घालून बघणं

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. रिकामं बीसीडी कुणालाही आरामदायीच वाटतं. खरी परीक्षा ते गच्च भरल्यावर. फोटोवरून मागवलं असेल तर घरी आल्या आल्या, परत पाठवायची मुदत आहे तोवर, ही परीक्षा घ्या.

अंगात घाला, सगळी बक्कलं लावा आणि इन्फ्लेटरच्या तोंडाने फुंकून फुगवा. जॅकेट भरलं की जास्तीची हवा सोडणारा व्हॉल्व्ह फुस्स करून सुटतो. तोंडाने तितका जोर लागत नाही, पण टम्म होईपर्यंत भरलं तरी अंदाज येतो. आता शेवटपर्यंत खोल श्वास घ्या. बरगड्या फुलायला जागा मिळाली पाहिजे. श्वास अर्ध्यावर अडत असेल, तर ते जॅकेट पाण्यावर लाटांत ताटकळताना तुमचा जीव घाबरा करणार. एवढंसं वाटतं, पण नवशिक्याला दम कोंडल्यासारखं झालं की हवा भराभर संपते आणि पुढचं सगळं बिघडत जातं.

मग तसंच फुगलेलं असताना मान वर करा. हात पुढे, बाजूला, डोक्यावर न्या. छातीवरचं बक्कल गळपट्टीच्या हाडावर दाबत नाही ना? काखेत पट्टा घासत नाही ना? उजव्या हाताने मागच्या खालच्या, हवा सोडायच्या डंप व्हॉल्व्हचा दोर न बघता सापडतो का? डाव्या हाताला इन्फ्लेटर लगेच येतो का? डोळे मिटून बघा. पाण्यात ही जागा मास्कच्या कडेमुळे दिसतच नाही.

बायकांनी ‘युनिसेक्स’ लिहिलेलं बघून समाधान मानू नये. बायकांसाठीच्या जॅकेटात खांद्याचे पट्टे बाहेरून वळण घेऊन येतात आणि धड आखूड असतं. साध्या जॅकेटात छातीचा पट्टा नेमका नको तिथे येतो. लहान चणीच्या पुरुषांनाही कधी कधी बायकांसाठीचंच जॅकेट नीट बसतं. घालून बघायला लाजू नका.

दोष वजनाचा, शिव्या जॅकेटला

लातूरच्या एका नव्या डायव्हरने नवंकोरं बीसीडी घालून पहिलाच डाइव्ह केला आणि वर आल्या आल्या म्हणाला, “दादा, हे लई आवळायलंय. विकून टाकतो.” कमरेला बुडण्यासाठी लावलेलं शिसं किती होतं ते बघितलं, तर गरजेपेक्षा खूपच जास्त. दोन-दोन किलोचे तुकडे काढत गेल्यावर तेच जॅकेट त्याला आवडायला लागलं.

असं का होतं? शिशाचा प्रत्येक जादा किलो तोलायला जॅकेटात साधारण एक लिटर हवा जास्त भरावी लागते. चार किलो जादा, म्हणजे चार लिटर हवा सतत अंगाभोवती. ती बरगड्या दाबते, जॅकेट वर उचलते, पाण्याचा विरोध वाढवते. त्यातून ही हवा एका मापात राहत नाही. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, ५ मीटरवर दीडपट. म्हणजे १० वरून ५ मीटरवर येता येता जॅकेटातली हवा तिच्या एकतृतीयांशाने फुगते आणि माणूस न सांगता वर जायला लागतो. घाबरून हवा सोडली की खाली जातो, मग पुन्हा भरतो. हा वर-खालीचा खेळ बेताचं शिसं लावणाऱ्या डायव्हरला फारसा भोगावा लागत नाही, कारण त्याच्या जॅकेटात मुळात हवाच थोडी असते.

त्यामुळे जॅकेट बदलायच्या आधी वजन तपासा. डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये, म्हणजे टाकीत, ५० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास हवा उरलेली असताना, पृष्ठभागावर उभे राहा. जॅकेट पूर्ण रिकामं करा, रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारा भाग) तोंडात, पाय स्थिर. साधा श्वास घेऊन क्षणभर थांबलात तर पाणी डोळ्यांच्या पातळीला यावं, श्वास सोडलात की हळूहळू बुडावं. (श्वास रोखणं फक्त इथे, पृष्ठभागावर. पाण्याखाली कधीच नाही.) दगडासारखे खाली गेलात तर शिसं जास्त आहे.

भरलेल्या सिलिंडरवर हीच तपासणी केली तर सुमारे दोन किलो वाढवून धरा. नेहमीच्या ११.१ लिटरच्या अॅल्युमिनियम सिलिंडरमध्ये २०० बारला साधारण २,२०० लिटर हवा असते. तिचं वजन अडीच किलोच्या वर भरतं, आणि डाइव्ह संपेपर्यंत त्यातली बरीचशी वापरली गेलेली असते.

जलतरण तलावात सराव करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. माणूस आणि सगळा सरंजाम धरून १०० किलो होत असतील, तर समुद्रात साधारण अडीच किलो शिसं जास्त लागतं. तलावातला आकडा तसाच मालवणला नेलात तर बुडताच येणार नाही, आणि तिथला आकडा तलावात आणलात तर पुन्हा जॅकेट आवळल्याची तक्रार.

विहिरीत शिकलेल्यांसाठी

आपल्याकडे अनेक जण पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले. पाण्याची भीती नसते, ही फार मोठी जमेची बाजू. पण विहिरीतलं पोहणं पुष्कळदा उभ्याने, मान वर ठेवून, पाय मारत. स्कूबात आडवं राहायचं असतं. पाय खाली लोंबत असतील तर प्रत्येक फटका तुम्हाला वर ढकलतो, मग खाली राहायला जॅकेट आणखी रिकामं करावं लागतं आणि सगळं तंत्र विस्कटतं.

यात थोडा दोष टाकीच्या जागेचाही असतो. सिलिंडरचा व्हॉल्व्ह साधारण कॉलरच्या पातळीत असावा. वर बांधला तर समोर बघायला मान उचलली की डोक्याच्या मागे ठक्क करून लागतो, म्हणून माणूस मान खाली घालून पोहतो. फार खाली बांधला तर इन्फ्लेटरची नळी आणि रेग्युलेटरचा पाइप ओढला जातो. टाकीचा पट्टा आधी भिजवा, मगच आवळा. कोरडा आवळलेला पट्टा पाण्यात सैल पडतो आणि टाकी सरकते. पाय जड वाटत असतील तर कमरेचं थोडं शिसं वर, टाकीच्या पट्ट्यावरच्या खिशात हलवून बघा. पाच-सहा मीटर खाली गेल्यावर कमरपट्टा पुन्हा एकदा आवळायचीही सवय लावा, कारण वेटसूट दाबाने पातळ होतो आणि वर घट्ट असलेला पट्टा तिथे ढिला होतो.

जॅकेट की विंग?

जॅकेट पद्धतीत हवा पाठीला आणि दोन्ही कुशींना असते. पृष्ठभागावर माणूस सरळ उभा तरंगतो, नवशिक्याला धीर येतो. विंग पद्धतीत सगळी हवा पाठीमागे, छाती मोकळी आणि खाली आडवं राहणं सोपं. पण वर आल्यावर गच्च फुगवलं तर ते तोंडावर लोटतं. उपाय साधा आहे: गरजेपुरतीच हवा भरा, किंचित मागे रेला, आणि पुढचं शिसं मागच्या खिशांत टाका.

मला विचाराल तर ज्यांना छातीवर दाब अजिबात सहन होत नाही त्यांनी विंगचाच विचार करावा, पृष्ठभागाची सवय लवकर होते. बाकीच्यांनी ज्यावर शिकलात तेच घ्या.

उचल, म्हणजे गच्च फुगवलेलं बीसीडी किती किलो तरंगवतं ते, जास्त तितकं चांगलं, हा समजही सोडा. कोमट पाणी, पातळ सूट आणि एक टाकी, एवढ्याला १२ ते १५ किलोची उचल पुरते. त्याहून मोठी पिशवी म्हणजे पाण्यात फडफडणारं जास्तीचं कापड. खिसे, कड्या, लटकवायच्या गोष्टी यांच्यावर भाळू नका. विमानाने जायचं असेल तर वजन मात्र बघा: देशातल्या बऱ्याच विमानांत सामानाला १५ किलोच मिळतात, आणि प्रवासी पद्धतीचं बीसीडी नेहमीच्यापेक्षा किलो-दीड किलोने सहज हलकं असतं.

लाइफ जॅकेट समजणं

बीसीडी बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवेलच असं नाही. ते त्यासाठी बनलेलं नाही. ते अंगात आहे म्हणून पोरांना धरणात उतरवणं, एकट्याने नाथसागरात किंवा शेतातल्या विहिरीत ‘ट्रायल’ घेणं, हे जिवावर बेतू शकतं. गढूळ पाणी, तळाचा गाळ, मोटारीचे पाइप, वायर, आणि वर मदतीला कुणी नाही. सराव करायचा तर जलतरण तलावात, व्यवस्थापनाची परवानगी घेऊन आणि प्रशिक्षक सोबत घेऊन.

घरी आल्यावरच्या चुका

इन्फ्लेटरचं बटन मीठ किंवा वाळूने अडकलं तर जॅकेट आपोआप फुगत राहतं. त्या वेळी टाकीकडून इन्फ्लेटरला येणारी नळी एका हाताने झटक्यात सुटली पाहिजे आणि दुसऱ्या हाताने हवा सोडता आली पाहिजे. नळीचा जोड इतका बारीक आहे का की ओल्या बोटांना सुटतच नाही, हे विकत घेतानाच बघा आणि प्रशिक्षकासमोर सराव करा.

समुद्रातून आल्यावर बाहेरून धुऊन भागत नाही. इन्फ्लेटरच्या तोंडातून आत गोडं पाणी भरा, हवा भरून हलवा, खालच्या व्हॉल्व्हमधून काढा; दोन-तीनदा. आपल्या भागातलं बोअरचं पाणी क्षारांचं असतं, बादलीवर पांढरा थर धरतो तसा तो व्हॉल्व्हच्या आतही धरतो. शेवटचं पाणी तरी फिल्टरचं वापरा. अर्धवट फुगवून सावलीत वाळवा. मे महिन्यात गच्चीवर उन्हात टाकलेलं किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवलेलं जॅकेट लवकर जुनं होतं.

कोकणचा समुद्र पावसाळ्यात बंद, त्यामुळे आपलं बीसीडी कपाटात महिनोन्‌महिने पडून राहतं. सप्टेंबर लागला की ते काढा, गच्च फुगवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पिचकलेलं असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठून येतात ते शोधा. बहुतेकदा व्हॉल्व्हच्या बैठकीत वाळूचा कण अडकलेला सापडतो आणि धुतल्यावर गळती थांबते. शिवणीतून किंवा इन्फ्लेटरमधून येत असतील तर घरी हात लावू नका, पार्सलने सर्व्हिसला पाठवा. ऑक्टोबरच्या सहलीआधी दुरुस्त होऊन परत यायला तेवढा वेळ हाती असतो.