जुना ट्रॅक्टर बघायला जाताय? इंजिन थंड असतानाच गाठा

पेरणी तोंडावर आली की जुन्या ट्रॅक्टरला गिऱ्हाईक वाढते आणि घाईतल्या माणसाच्या गळ्यात नको ते यंत्र पडते. थांबणे शक्य असेल तर हंगाम उरकल्यावर घ्या. भाव नरम असतो, बघायलाही सवड मिळते.

जाण्याआधी मालकाला सांगून ठेवा, मी येईपर्यंत सुरू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागले तर इंजिन थंडपणी सुरू व्हायला कुरकुरते, अशी शंका धरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. सुरू करण्याआधी डिपस्टिक, म्हणजे इंजिनातले ऑइल बघायची पट्टी, बाहेर काढा. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी उतरले आहे. अशा ट्रॅक्टरच्या नादी लागू नये. इंजिन तापल्यावरही निळसर धूर येत राहिला तर ते ऑइल खाते आहे. काळा धूर मात्र कधी कधी नुसत्या तुंबलेल्या एअर फिल्टरमुळेही येतो, तेवढ्यावर नाही म्हणू नका.

इंजिन किती तास चालले ते दाखवणारा तासमीटर बदलता येतो, म्हणून त्याच्या आकड्यावर जाऊ नका. गुळगुळीत झालेले पेडल आणि ड्रॉबारचे, म्हणजे ट्रॉली जोडायच्या मागच्या दांड्याचे, लांबट झालेले भोक खरे वय सांगतात. रंग ताजा असेल तर जोडांजवळ वेल्डिंग शोधा.

हायड्रॉलिकची, म्हणजे तेलाच्या दाबावर अवजार उचलणाऱ्या यंत्रणेची, परीक्षा शेवटी घ्या, अर्धा तास काम करून तेल गरम झाल्यावर. घट्ट थंड तेलात आतली गळती कळत नाही. जड अवजार उचला, इंजिन बंद करा, बाजूला उभे राहून बघा. ते भराभर खाली आले तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून बोला. मागच्या टायरच्या बाजूंना भेगा असतील तर तोही खर्च मोठा.

चेसिस आणि इंजिनवरचे नंबर कागदाशी स्वतः ताडून बघा. नंबराजवळ घासल्याच्या खुणा असतील तर तिथूनच परत फिरा. कर्ज फिटल्याचे पत्र मालकाच्या तोंडी भरवशावर सोडू नका, कर्ज देणाऱ्याकडूनच खात्री करा. ट्रॅक्टर न दाखवता वाहतुकीसाठी आगाऊ पैसे मागणारा माणूस बहुतेक ठग असतो.

विकणाऱ्यांनो, पैसे आल्याचा मेसेज खोटा असू शकतो. खात्यात रक्कम दिसल्याशिवाय किल्ली देऊ नका. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, हेही ध्यानात असू द्या. नोंदणीवर तुमचे नाव आहे तोवर अपघाताची चौकशी तुमच्याच दारात येऊ शकते, म्हणून नाव बदलण्याच्या कामाला सोबत जा. ताबा दिल्याच्या कागदावर तारखेबरोबर वेळही लिहा, दोघांच्या आणि साक्षीदाराच्या सह्या घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.