मशीनमध्ये पाणी भरणे थांबत नव्हते : माझा अनुभव

आमच्या टॉप लोड वॉशिंग मशीनमध्ये कमी पातळी निवडूनही पाणी काठोकाठ चढत असे. इनलेट व्हॉल्व्ह (पाणी आत सोडणारी, विजेवर उघडणारी झडप) बदलला, जाळी धुतली. वाया जाणारे पाणी पाहून जीव तुटत होता. प्लग काढताच पाणी थांबे, म्हणजे व्हॉल्व्ह निर्दोष होता.

अखेर प्लग काढून, नळ बंद करून, टबातले पाणी सोडून मागचा पत्रा उघडला. टबाच्या तळाजवळून एक बारीक नळी प्रेशर सेन्सरकडे जाते; पाणी चढते तशी तिच्यातली कोंडलेली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून पातळी कळते. नळी आधी सेन्सरपासून सोडवली (जोडलेली असताना जोरात फुंकल्यास सेन्सर बिघडू शकतो), मग खालून. खालच्या तोंडाशी साबणाचा करडा, लोण्यासारखा गाळ होता; त्यामुळे दाब सेन्सरपर्यंत पोहोचत नव्हता. तो कोमट पाण्याने काढला, नळी पूर्ण वाळवली आणि दोन्ही टोके घट्ट बसवली. आता पाणी निवडलेल्या पातळीवरच थांबते.