ओडीसीच्या कामात येताय? आधी टेप धरायला शिका

सांगलीत डिप्लोमा करून मी कळंबोलीला नोकरीला लागलो, तेव्हा अवाढव्य माल रस्त्याने न्यायच्या परवानग्यांचं काम म्हणजे टेबलावरचं काम असं धरून चाललो होतो. फॉर्म भरायचे, सही-शिक्के आणायचे, फाइल फिरवायची. दुसऱ्याच दिवशी हातात टेप आणि उंची मोजायची घडीची काठी देऊन मला रूट सर्व्हेच्या, म्हणजे माल जाणार तो रस्ता आधी मोजून बघायच्या, गाडीत बसवलं. तेव्हापासून हेच काम करतो आहे. या धंद्यात येऊ पाहणाऱ्या पोरांचे प्रश्न साधारण सारखेच असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

ओडीसी म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कार्गो, नेहमीच्या ट्रकच्या मापात न बसणारा माल. ट्रान्सफॉर्मर, बॉयलरचे ड्रम, रिफायनरीचे रिअॅक्टर, पवनचक्कीची पाती, मोठी यंत्रं. नेहमीचं माप केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या ९३ व्या नियमात दिलं आहे. मालवाहू गाडीची रुंदी २.६ मीटर, उंची ४ मीटर, सलग चॅसिसचा ट्रक १२ मीटर लांब आणि पुलर (पुढे ओढणारी गाडी) जोडलेला सेमी-ट्रेलर १८.७५ मीटर. यातला एकही आकडा ओलांडला की परवानगी लागते. वजनाचं गणित वेगळं. २०१८ मध्ये अॅक्सलची मर्यादा वाढली आणि चार टायरच्या एका अॅक्सलला १०.२ ऐवजी ११.५ टन, जोड-अॅक्सलला १९ ऐवजी २१ टन झाले. हे दोन आकडे पाठच करा, रोज लागतात.

आणखी एक शब्द पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा : अविभाज्य. ओव्हरलोडची परवानगी मिळते ती ज्याचे तुकडे करता येत नाहीत अशा मालाला. ट्रान्सफॉर्मरची टाकी कापता येत नाही, तिला परवाना मिळेल. पण एका गाडीत सळया जास्त भरल्या आणि त्यासाठी ओव्हरवेटचा परवाना मागितला, तर तो मिळत नाही आणि मिळूही नये. हा भेद न कळणारे ग्राहक तुम्हाला रोज भेटतील. त्यांना नाही म्हणायला शिका.

वजनाचा एवढा बाऊ का करायचा, तर रस्ता वजनाच्या प्रमाणात खराब होत नाही. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० दरम्यान मोठी रस्ता-चाचणी झाली. अॅक्सलवरचा भार दुप्पट केला तर रस्त्याचं नुकसान दुप्पट नव्हे, जवळपास सोळापट होतं, असा अंदाज तिच्यातून निघाला. म्हणून जड माल अनेक चाकांवर वाटून न्यायचा. हायड्रॉलिक अॅक्सल आपण वापरतो ते याचसाठी. समजा ८० टनांचा ट्रान्सफॉर्मर आहे. आठ ओळींचा ट्रेलर घेतला (ओळ म्हणजे एका आडव्या रेषेतली चाकं), एका ओळीचं स्वतःचं वजन साधारण साडेचार टन धरलं, तर ट्रेलर ३६ टन आणि माल ८० टन, मिळून ११६. आठाने भागा : एका ओळीवर साडेचौदा टन. हे गणित तुम्हाला झोपेतही करता आलं पाहिजे, कारण अर्जातला प्रत्येक आकडा यातूनच निघतो.

आता आकड्यांबद्दल, कारण या कामातली सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. कारखान्याच्या ड्रॉइंगवर बहुतेक वेळा एकाहून जास्त वजनं असतात. ट्रान्सफॉर्मर तेल काढून, आत नायट्रोजन किंवा कोरडी हवा भरून पाठवतात. त्यामुळे तेलासकट वजन वेगळं, वाहतुकीचं वजन वेगळं. त्यात खालची लाकडं, लोखंडी सॅडल, साखळ्या, टर्नबकल यांचं वजन कुणी धरत नाही, आणि तेच दोन-तीन टन होऊन बसतं. उंचीचंही तसंच. माल ३.९ मीटर म्हणून लिहून येतो आणि वर उचलायचे हूक त्या मापात नसतात. म्हणून माल पाहिल्याशिवाय अर्ज भरू नका. कारखान्यात जा, स्वतः मोजा, फोटो काढा. परवान्यावर आलेला आकडा आणि रस्त्यावर मोजलेला आकडा जुळला नाही, तर परवाना हातात असूनही गाडी विनापरवाना ठरते. मग मोटार वाहन कायद्याचं १९४ वं कलम लागतं : २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २ हजार, आणि जास्तीचा माल उतरवायचा खर्च वेगळा. माल बाजूने, पुढे-मागे किंवा उंचीत बाहेर निघत असेल तर त्याचेही २० हजार. वजन करून द्यायला नकार दिला तर ४० हजार.

दंडाची भीती मला फारशी वाटत नाही. मला भीती वाटते पुलाची. वजन मुद्दाम कमी लिहून सोपा परवाना काढायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. परवाना देणारा अभियंता तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवून पुलाचं गणित मांडतो. तो आकडा खोटा असेल तर ते गणितही खोटं, आणि त्या पुलावरून तुमच्या मागोमाग शाळेची बस जाणार असते. असा अर्ज भरायला सांगितला तर नोकरी सोडा. दुसरी मिळते.

परवानगी एकाच जागेहून मिळत नाही, हे समजायला मला वर्ष लागलं. राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज होतो. राज्य महामार्ग आणि जिल्हा रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. द्रुतगती मार्ग एमएसआरडीसीकडे, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाकडे. वाहनाचा भाग परिवहन खात्याकडे. शहरातून जायचं तर वाहतूक पोलीस आणि महापालिका. रेल्वे फाटक आलं की रेल्वे, तारा आल्या की महावितरण. एकाच पन्नास किलोमीटरच्या रस्त्यात यातले पाच जण भेटू शकतात. म्हणून आधी रस्ता ठरतो, मग अर्ज. नवीन मुलं नेमकं उलट करतात : नकाशावर रेघ ओढून अर्ज टाकतात आणि सर्व्हे नंतर करतात. मग मधेच एक पूल नापास होतो आणि सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून.

सर्व्हे कसा करायचा, ते माझ्या पहिल्या मोठ्या चुकीवरूनच सांगतो.

चाकणजवळच्या एका कारखान्यातून सांगली जिल्ह्यातल्या विजेच्या उपकेंद्रावर माल न्यायचा होता. ट्रेलरसकट उंची ५.४ मीटर, रुंदी ४.२. महामार्ग सोडल्यावर आत एका गावाच्या वेशीवर स्वागत कमान होती, आपल्याकडे गावोगाव असते तशी, वर अर्धगोल. मी काठी लावली, ६ मीटर भरले, वहीत लिहिलं, पुढे गेलो. तीन आठवड्यांनी गाडी तिथे पोचली. आमचे तात्या, पंचवीस वर्षं हेच काम केलेले, नेहमीप्रमाणे गाडीच्या पुढे चालत होते. कमानीखाली थांबले, वर बघितलं आणि हात वर करून गाडी उभी करायला लावली. मला बोलावून म्हणाले, "मधोमध मोजलीस होय रे? आपला माल काय घुमटासारखा हाय?"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कमान मध्यावर ६ मीटर होती, पण माल चौकोनी. मालाचे कोपरे मध्यापासून २.१ मीटरवर, आणि तिथे कमान ५.३ मीटरवर आलेली. दहा सेंटिमीटर कमी. तात्या म्हणाले, प्लॅटफॉर्म वीस सेंटिमीटर खाली घेऊ, ५.२ होतील, निघून जाऊ. पण कमानीच्या बरोबर खाली गतिरोधक होता. हायड्रॉलिक ट्रेलरची गंमत अशी, की चाक उंचवट्यावर चढलं की सिलिंडर आत जातो आणि माल जागच्या जागी राहतो. प्लॅटफॉर्म आधीच खाली घेतलेला असेल तर सिलिंडरला आत जायला जागाच उरत नाही, मग चाकाबरोबर सगळा माल वर येतो. म्हणजे पुन्हा ५.३. तीन दिवस गाडी वेशीवर उभी. सरपंचांकडे गेलो, ग्रामपंचायतीचं पत्र घेतलं, गतिरोधक आमच्या खर्चाने खरवडून काढला आणि नंतर नवा करून दिला. चौथ्या दिवशी दोन्ही कोपऱ्यांवर एकेक माणूस चढवून, दोन्हीकडे दहा-दहा सेंटिमीटर ठेवून माल काढला. त्या रात्री मी जेवलो नाही.

तेव्हापासून कमान, बोगदा, पुलाखालचा रस्ता, काहीही असो, मी तीन जागी मोजतो : मध्यावर आणि मालाचे दोन्ही कोपरे जातील तिथे. रस्त्यावर नवा डांबराचा थर पडला की तीच उंची कमी होते, म्हणून सहा महिन्यांपूर्वीचा सर्व्हे मी वापरत नाही. राष्ट्रीय महामार्गावरच्या भुयारी मार्गांना ५.५ मीटर धरलेले असतात, पण ते नव्या बांधकामाचं प्रमाण. जुन्या रस्त्यांवर काठी लावल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. विजेच्या तारा रस्ता ओलांडताना कमी दाबाच्या ५.८ आणि ११ केव्हीच्या ६.१ मीटरवर असायला हव्यात. प्रत्यक्षात उन्हाळ्यात त्या लोंबतात. विजेच्या रेल्वेमार्गावरच्या फाटकाला ४.६७ मीटरचा हाइट गेज, म्हणजे उंची अडवणारी कमान, लावलेला असतो. त्यापेक्षा उंच माल असेल तर रेल्वेची परवानगी आणि वर वीजपुरवठा बंद केल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. पंचवीस हजार व्होल्टची तार स्पर्शाची वाट बघत नाही, जवळ गेलं तरी झेप घेते.

पुलांचं सांगतो. आपल्याकडचे अनेक पूल आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) ७०-आर या भारवर्गासाठी बांधलेत, त्यात चाकांच्या गाडीचा भार १०० टनांचा धरतात. आयआरसी ६ या संहितेत नंतर विशेष वाहन आलं : २० अॅक्सल, प्रत्येकी १८ टन, पुढे २५ टनांचा पुलर, एकूण ३८५ टन. पण हा भार धरताना अट अशी की गाडी पुलाच्या मध्यरेषेवरून, तीनशे मिलिमीटरपेक्षा इकडेतिकडे न होता, ताशी ५ किलोमीटरच्या आत जाईल. म्हणून पुलावर आमची गाडी एकटीच असते. पुढचे-मागचे सगळे थांबवायचे, मधोमध धरायचं, ब्रेक नाही, गिअर बदलायचा नाही. मागे हॉर्न वाजवणाऱ्यांचा राग सहन करायचा. खूप जुना दगडी पूल आला, तर मी वळसा शोधतो, मग तो साठ किलोमीटरचा का असेना.

रस्त्यासोबत पंचांगही बघावं लागतं. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर १६ टनांच्या वरच्या गाड्यांना बंदी येते. आषाढीत पालख्या निघाल्या की पुण्याहून पंढरपूरकडचा रस्ता वारकऱ्यांचा. साखर कारखाने सुरू झाले की सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, त्यांना ओलांडणं म्हणजे परीक्षा. पावसाळ्यात साइडपट्टी मऊ होते. समोरच्याला वाट द्यायला चाक खाली उतरवलं की रुततं. परवान्याची मुदत ठरलेली असते, ती संपली आणि गाडी अर्ध्यावर अडकली तर आहे तिथेच उभं राहून मुदतवाढ मागायची.

किती वेळ लागू शकतो याचं टोकाचं उदाहरण बघा. तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी महाराष्ट्रातून जुलै २०१९ मध्ये एक ऑटोक्लेव्ह (आत उष्णता आणि दाब देणारी मोठी बंद टाकी) निघाला. वजन सत्तर टनांच्या आसपास, उंची साडेसात मीटर, गाडीला ७४ चाकं. पोचला जुलै २०२० मध्ये, वर्षभराने. मध्ये टाळेबंदीही आली. पण मूळ अडचण वजनाची नव्हती, आकाराची होती : झाडं, तारा, अरुंद रस्ते, एकेक जागा मोकळी करत पुढे जायचं. सत्तर टन आपण रोज नेतो. साडेसात मीटरची उंची रोज नेत नाही.

आता तुमच्यासाठी. ड्रायव्हर व्हायचं असेल तर वाहतूक वाहनाच्या लायसन्सला वय २० पूर्ण हवं आणि हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर हातात हवा. आठवीची अट २०१९ मध्ये गेली. पण हेवी लायसन्स मिळालं म्हणजे पुलर चालवायला मिळत नाही. आधी मागे हायड्रॉलिक ऑपरेटरचा हेल्पर म्हणून दोन-तीन वर्षं काढावी लागतात. ट्रेलरच्या मागच्या ओळींचं स्टिअरिंग कसं वळतं हे कळल्याशिवाय पुढचा पुलर कळत नाही. सर्व्हे आणि परवानग्यांमध्ये यायचं असेल तर सिव्हिल किंवा मेकॅनिकलचा डिप्लोमा पुरतो. घाटात वळणाची त्रिज्या कशी काढायची, कागदावर ट्रेलर वळवून कसा बघायचा, हे शिकून या. खंबाटकीची वळणं कागदावर दहा वेळा काढलीत तर निम्मं काम आलं.

पहिल्या सर्व्हेला निघताना दोन टेप न्या, एक तुटतो. घडीची काठी फायबरची घ्या, लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची तारांखाली कधीही वर करायची नाही. वही जाड पुठ्ठ्याची, पेन्सिल, परावर्तक जाकीट, आणि सकाळी लवकर निघायचं, कारण दुपारी गावातल्या लाइनमनला शोधणं अवघड. त्याचा नंबर पहिल्या भेटीतच लिहून घ्या. माल येईल त्या रात्री दोन वाजता फोन करावा लागणार आहे, आणि ओळख असेल तरच तो उचलतो.