वीरपत्नीच्या कागदपत्रांसाठी संस्थेने काय करावे

मदतीचा धनादेश नंतर. आधी डिस्चार्ज बुक (जवानाच्या सेवेची नोंदपुस्तिका), पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), आधार आणि बँक पासबुक शेजारी-शेजारी ठेवून नावे अक्षरशः जुळवा. घोडे बहुतेक वेळा इथेच अडते: पलटणीत पत्नीचे नाव माहेरचे, आधारवर सासरचे, किंवा जन्मतारीखच वेगळी. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून अर्ज संबंधित अभिलेख कार्यालयाकडे, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाकडे, पाठवा. तोफखान्याचे अभिलेख कार्यालय नाशिक रोड कॅम्पलाच आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे मात्र बेळगावला. चुकीच्या ठिकाणी गेलेला अर्ज महिनोन्‌महिने फिरतो, म्हणून पलटण आणि सेवा क्रमांक अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा. मूळ कागद कधीही देऊ नका, साक्षांकित प्रतीच द्या. ओळखपत्र आणि कल्याण योजनांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. निवृत्तिवेतन सुरू झाल्यावर हयातीचा दाखला दरवर्षी लागतो. गावातल्या एखाद्या मुलावर ती आठवण सोपवा.

७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी पावतीशिवाय घेऊ नये. २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, पुष्पचक्र वाहताना पहिली खुर्ची कुटुंबाची, पाहुण्यांची नव्हे. हुतात्म्यांची नावे वाचणाऱ्याने उच्चार आदल्या दिवशी घरच्यांकडून तपासून घ्यावेत. आणि सत्कारात शाल देण्यापेक्षा झेरॉक्सचा खर्च उचललेला बरा.