क्वार्टरबॅकसाठी ड्राफ्ट पिक्स देऊन टाकायची घाई झालीय? या चुका टाळा

नोव्हेंबर उजाडतो, संघ २-७ वर (दोन विजय, सात पराभव) रुतलेला असतो, आणि न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंतच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर तोच मेसेज फिरायला लागतो: "दोन फर्स्ट राउंड पिक्स द्या आणि धड क्वार्टरबॅक आणा. किती दिवस हे बघायचं?" राग समजण्यासारखा आहे, कारण क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू. पण एनएफएलमधल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या, गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या मोठ्या सौद्यांचा हिशोब मांडला, तर हात पोळलेले बरेच संघ असेच रडतखडत चाललेले आणि उतावीळ झालेले दिसतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हरणाऱ्या संघाने यंदाचं पिक द्यावं, दुसऱ्या फेरीतलं द्यावं, एखादा जादाचा खेळाडू द्यावा. पुढच्या वर्षाच्या पहिल्या फेरीला मात्र शक्यतो हात लावू नये.

हा खेळ नव्याने बघणाऱ्यांसाठी थोडक्यात: इथे आयपीएलसारखा लिलाव नसतो. कॉलेजमधून येणारे खेळाडू ३२ संघ सात फेऱ्यांत ओळीने निवडतात, आणि आदल्या हंगामात ज्याची कामगिरी सगळ्यात वाईट, त्याचा पहिला नंबर लागतो. हा नंबर म्हणजे पिक, आणि "पहिली फेरी दिली" म्हणजे त्या फेरीतलं पिक दिलं. तो दुसऱ्या संघाला देता येतो, पुढच्या वर्षांचासुद्धा.

चूक पहिली: आपण पुढच्या वर्षी सुधारणारच, हे धरून चालणं

सगळी गोम इथेच आहे. पुढच्या वर्षाचं पिक देताना जनरल मॅनेजरच्या मनात असतं, "नवा क्वार्टरबॅक आला की आपण जिंकू, मग ते पिक विसावं-पंचविसावं असेल, जाऊ दे." पण त्या पिकचा नंबर आपल्याच पराभवांवर ठरतो. संघ पुन्हा आपटला, तर आपण दिलेली वस्तू दर रविवारी महाग होत जाते.

कॅरोलायना पँथर्सने १० मार्च २०२३ ला हेच केलं. शिकागो बेअर्सला त्यांनी नववं पिक, एकसष्टावं पिक, २०२४ ची पहिली फेरी, २०२५ ची दुसरी फेरी आणि वर डीजे मूर, म्हणजे स्वतःचा सगळ्यात भरवशाचा रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा), एवढं सगळं दिलं. बदल्यात पहिला नंबर मिळाला आणि त्यावर ब्राइस यंग हा क्वार्टरबॅक आला. त्या हंगामात संघ २-१५ वर संपला. त्यामुळे शिकागोला दिलेलं २०२४ चं पिक निघालं चक्क पहिलं, आणि त्यावर शिकागोने केलेब विल्यम्स हा क्वार्टरबॅक घेतला. मूरने तिकडे पहिल्याच वर्षी १,३६४ यार्ड काढले. मधे ९ नोव्हेंबरच्या गुरुवारी हे दोन संघ समोरासमोर आले आणि बेअर्स १६-१३ जिंकले. एकाच रात्रीत शिकागोला विजयही मिळाला आणि हातातलं पिकही वर सरकलं.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी (थेलर म्हणजे ज्यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेच) ड्राफ्टमधल्या सौद्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. संघ आजच्या पिकसाठी पुढच्या वर्षाचं पिक सावकारी व्याजाच्या दराने देऊन टाकतात, हे त्यांना दिसलं. शिवाय एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी त्याच्या लगेच मागून निवडलेल्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता निम्म्याहून जेमतेम जास्त असते. म्हणजे वर सरकण्यासाठी मोजलेली किंमत बरीचशी आत्मविश्वासाची असते, माहितीची नव्हे.

चूक दुसरी: दुखणं कुठे आहे हे न बघता औषध आणणं

पुढचा सामना बघताना एक करून बघा. चेंडूकडे बघूच नका. स्नॅप झाल्यावर, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे आल्यावर, पहिले अडीच-तीन सेकंद फक्त त्याला सांभाळणारी लाइन, म्हणजे कडेचे दोन टॅकल आणि मधले तिघे बघा. रिसीव्हर अजून पळतच आहेत आणि तेवढ्यात समोरचा गडी क्वार्टरबॅकच्या छातीवर पोचलाय, असं वारंवार होत असेल तर तिथे कुणीही उभा करा, तोही आडवाच होणार. उलट समोर स्वच्छ जागा आहे, रिसीव्हर मोकळा आहे आणि तरी हा चेंडू धरून उभा आहे, तर दोष त्याचा. दोन-तीन सामने असे बघितले की निम्मी भांडणं मिटतात. (रिप्लेमध्ये हे नीट दिसत नाही, कॅमेरा चेंडूमागे धावतो. पूर्ण मैदानाचं चित्रीकरण मिळालं तर सोन्याहून पिवळं.)

यंगला पहिल्या हंगामात ६२ सॅक पडले, म्हणजे चेंडू हातात असतानाच तो इतक्या वेळा आडवा झाला. सगळे लाइनच्या माथी मारता येत नाहीत, क्वार्टरबॅकही चेंडू फार वेळ धरून सॅक ओढवून घेतो. पण जी दुसऱ्या फेरीची पिक्स आणि जो रिसीव्हर त्याच्या आसपास असायला हवे होते, ते त्यालाच आणण्यासाठी खर्ची पडले होते. प्रशिक्षक फ्रँक राइक यांची तर अकरा सामन्यांतच गच्छंती झाली.

चूक तिसरी: माणूस ठरण्याआधी नंबर विकत घेणं

पँथर्सचा सौदा मार्चमध्ये झाला, ड्राफ्ट एप्रिलच्या शेवटी. मधले कितीतरी आठवडे चर्चा चालली की घ्यायचा कुणाला, यंगला की सीजे स्ट्राउडला. स्ट्राउड दुसऱ्या नंबरवर ह्यूस्टनला गेला आणि त्या वर्षीचा आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला.

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचंही २०२१ मध्ये तेच झालं. बाराव्यावरून तिसऱ्या नंबरवर जायला त्यांनी मायामीला त्या बाराव्या पिकखेरीज २०२२ आणि २०२३ च्या पहिल्या फेऱ्या आणि एक तिसरी फेरी दिली. ट्रे लान्स आला, दोन हंगामांत चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका पिकवर डॅलसला गेला. तोवर २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटी, २६२ व्या नंबरवर घेतलेला ब्रॉक पर्डी त्याच संघाचा क्वार्टरबॅक होऊन बसला होता. यातली एक गंमत: लान्ससाठी दिलेलं २०२३ चं पिक मायामीने ब्रॅडली चबसाठी डेन्व्हरला दिलं, आणि डेन्व्हरने ते शॉन पेटन यांना प्रशिक्षक म्हणून आणण्यासाठी न्यू ऑर्लिन्सला दिलं!

फोर्टीनाइनर्स यातून तरले, कारण बाकीचा संघ भक्कम होता. रडतखडत चाललेल्या संघाकडे ती ऐपत नसते.

चूक चौथी: "रॅम्सने केलं, मग आपण का नाही?"

हे वाक्य ऐकून कान किटले. लॉस एंजेलिस रॅम्सने २०२१ मध्ये मॅथ्यू स्टॅफर्डसाठी जॅरेड गॉफ, दोन पहिल्या फेऱ्या आणि एक तिसरी फेरी दिली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. खरंय. पण आदल्या हंगामात तो संघ १०-६ होता, सगळ्यात कमी गुण देणारा बचाव त्यांचा होता, बचावात ॲरन डोनाल्ड आणि जेलन रॅमझी होते, रिसीव्हर कूपर कप होता. फक्त एक जागा भरायची राहिली होती. कॅन्सस सिटीने २०१७ मध्ये पॅट्रिक महोम्ससाठी पुढच्या वर्षाची पहिली फेरी दिली, तेव्हा ते आदल्या वर्षी १२-४ होते आणि महोम्सला वर्षभर जुन्या क्वार्टरबॅकच्या, ॲलेक्स स्मिथच्या, मागे बसवायची त्यांना मुभा होती. २-७ वाल्याने यांची नक्कल करू नये.

चूक पाचवी: दुसरं बिल विसरणं

पिक्स हा फक्त पहिला हप्ता. नवखा क्वार्टरबॅक चार वर्षं ठरावीक, तुलनेने स्वस्त करारावर असतो. प्रस्थापित क्वार्टरबॅक आणला की पाठोपाठ मोठा करार येतो आणि सॅलरी कॅपचा (संघाच्या एकूण पगारखर्चाच्या मर्यादेचा) मोठा घास तो एकटा खातो. क्लीव्हलँडने २०२२ मध्ये डेशॉन वॉटसनसाठी तीन पहिल्या फेऱ्या दिल्या आणि वर २३ कोटी डॉलरचा पूर्ण हमीचा करार केला. पहिल्याच हंगामात ११ सामने तो निलंबित होता.

मग कधी द्यावीत?

फिलाडेल्फियाचं उदाहरण मला पटतं. २०१५ मध्ये संघ ७-९, म्हणजे यथातथाच. २०१६ ला त्यांनी आठव्यावरून दुसऱ्या नंबरवर उडी मारून कार्सन वेंट्झ घेतला आणि त्यासाठी पुढच्या वर्षाची पहिली फेरीही दिली. माझ्या नियमाविरुद्धच. पण जुना क्वार्टरबॅक सॅम ब्रॅडफर्ड त्यांनी ठेवून घेतला होता. हंगामाच्या तोंडावर मिनेसोटाचा क्वार्टरबॅक टेडी ब्रिजवॉटर जखमी झाला आणि ब्रॅडफर्ड देऊन फिलाडेल्फियाने पहिल्या फेरीचं एक पिक परत मिळवलं. पुढच्या हंगामात वेंट्झ डिसेंबरमध्ये जखमी झाला तेव्हा बाकावर निक फोल्स होता, आणि सुपर बोल जिंकला तो फोल्सने. बफेलोने २०१८ मध्ये जॉश ॲलनसाठी बाराव्यावरून सातव्यावर जाताना दुसऱ्या फेरीची दोन पिक्स दिली, पुढच्या वर्षाला हातच लावला नाही.

सौदा होऊन गेला असेल आणि जमत नसेल तर

पहिली गोष्ट, किंमत जास्त मोजली म्हणून खेळाडूला जास्त राबवू नका. वॉशिंग्टनने २०१२ मध्ये सहाव्यावरून दुसऱ्या नंबरवर जायला सेंट लुइसला आणखी दोन पहिल्या फेऱ्या आणि एक दुसरी फेरी दिली आणि रॉबर्ट ग्रिफिन आणला. पहिलं वर्ष झकास गेलं, १०-६ आणि विभागाचं विजेतेपद. डिसेंबरमध्ये त्याचा गुडघा दुखावला. ६ जानेवारी २०१३ ला सिॲटलविरुद्ध १४-० अशी आघाडी असताना तो उघड लंगडत होता, तरी त्याला बाहेर काढलं नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये खाली आलेला स्नॅप उचलायला वाकला आणि गुडघा आतल्या बाजूला मुडपला. सामना २४-१४ ने गेला. बाकावर त्याच ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत घेतलेला क्वार्टरबॅक कर्क कझिन्स बसला होता. पुढच्या हंगामात संघ ३-१३, आणि त्यामुळे दुसऱ्या नंबरचं ठरलेलं पिक सेंट लुइसच्या खिशात. डिसेंबर २०१४ मध्ये सेंट लुइस वॉशिंग्टनच्याच मैदानावर आलं, तेव्हा नाणेफेकीला कर्णधार म्हणून सहा जण पाठवले. सहाही जण त्या सौद्यातून मिळालेले. सामना २४-० ने खिशात घातला तो वेगळाच.

दुसरी, बाकावर बसवणं म्हणजे शेवट नव्हे. यंगला २०२४ मध्ये दोनच सामन्यांनंतर बसवलं, त्याच्या जागी आलेल्या अँडी डॉल्टनचा अंगठा कार अपघातात दुखावल्यावर यंग परत आला आणि बराच सावरलेला दिसला. २०२५ मध्ये त्याच्यासह पँथर्सने विभाग जिंकला, भले नोंद ८-९ असेल.

आणि तिसरी, खरंच जमत नसेल तर तोटा एकदाच लिहून मोकळं व्हा. डेन्व्हरने २०२२ मध्ये रसेल विल्सनसाठी दोन पहिल्या फेऱ्या, दोन दुसऱ्या फेऱ्या आणि तीन खेळाडू दिले, तो एकही सामना खेळायच्या आत साडेचोवीस कोटी डॉलरचा वाढीव करार केला, आणि मार्च २०२४ मध्ये त्याला सोडलं. सॅलरी कॅपवर साडेआठ कोटींचा बोजा दोन वर्षांत विभागून राहिला. त्याच एप्रिलमध्ये त्यांनी वर उडी न मारता, आपल्या बाराव्या नंबरवर बसूनच बो निक्स हा क्वार्टरबॅक घेतला. हंगाम १०-७ ने संपला आणि २०१५ नंतर पहिल्यांदा संघ प्लेऑफमध्ये गेला.