दिव्यांग प्रमाणपत्र ते अनुदान: कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयापासून तहसील कचेरीपर्यंत

कडबाकुट्टीत बोटं गेलेली असोत, एमआयडीसीतल्या प्रेसखाली हात सापडलेला असो, लकवा मारलेला असो की लहानपणीच्या पोलिओने पाय बारीक राहिलेला असो, सरकारी खिडकीवर पहिला प्रश्न एकच येतो: टक्के किती? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लक्षणीय दिव्यांगत्वाची रेषा ४० टक्क्यांवर आहे आणि बहुतेक योजना तिथूनच सुरू होतात. पण हे टक्के आजाराच्या नावावर मिळत नाहीत. 'पायात रॉड आहे' एवढ्याने काही ठरत नाही. त्या पायाने आज काय जमतं आणि काय जमत नाही, ते मोजलं जातं. सगळी तयारी याच हिशेबाने करायची.

आधी वेळ बघा. प्लॅस्टर निघालेलं नाही, जखम ओली आहे किंवा पुढचं ऑपरेशन ठरलेलं आहे, अशा अवस्थेत जाऊन हेलपाटाच पडतो. लकवा किंवा मेंदू-मज्जातंतूच्या दुखण्यात सुरुवातीपासून सहा महिने उलटल्यावर तपासणी होते, कारण तोवर बरीच ताकद परत येऊ शकते.

अर्ज यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या स्वावलंबन ओळखकार्डाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. जून २०२१ पासून प्रमाणपत्रही याच वाटेने मिळतं, त्यामुळे 'हाताने लिहून देतो' म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका. आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा आणि उपचाराची कागदपत्रं लागतात. मोबाईलवर जमत नसेल तर जवळच्या सेतू केंद्रात भरून घ्या, पण मोबाईल नंबर स्वतःचाच द्या. ओटीपी आणि तपासणीचा निरोप त्याच नंबरवर येतो. फोटो फक्त चेहऱ्याचा लागतो. अधू पाय किंवा तुटलेला हात दाखवून फोटो काढायची गरज नाही, आणि कुणी तसा आग्रह धरला तर नम्रपणे नकार द्या.

सीमाभागात एक अडचण हमखास येते. निपाणी, बेळगावकडून लग्न होऊन आलेल्या बायकांच्या आधारवर माहेरचा, म्हणजे कर्नाटकातला पत्ता राहिलेला असतो. अर्ज राहत्या जिल्ह्यात होतो आणि पत्त्याचा पुरावा तिथलाच लागतो, म्हणून आधी आधार दुरुस्त करा आणि मगच अर्ज भरा. आधार, रेशनकार्ड आणि पासबुक या तिन्हींवर नाव एकसारखं आहे का, तेही त्याच वेळी बघा. 'पांडुरंग' आणि 'पांडूरंग' एवढ्या फरकावरही पुढे अर्ज अडतो.

तपासणीला कोल्हापुरात दसरा चौकाजवळच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सीपीआरला, किंवा अर्जात निवडलेल्या दुसऱ्या सरकारी रुग्णालयात जावं लागतं. चंदगड-आजऱ्याकडच्या माणसाचा यात सगळा दिवस मोडतो, तेव्हा आपल्या दुखण्याचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते आधी विचारून निघा. पहिल्या दिवसापासूनची डिस्चार्ज कार्डं, ऑपरेशनचे कागद आणि एक्स-रेच्या मूळ फिल्म तारखेच्या क्रमाने लावून न्या. मोबाईलमधला एक्स-रेचा फोटो चालेल असं धरू नका. गुडघ्याच्या वर सहज सरकेल अशी सैल विजार किंवा लुंगी घाला. कॅलिपर, कृत्रिम पाय, कुबडी, जे रोज वापरता ते सोबत हवं.

पायाची तपासणी कशी होते ते माहीत असलं की भीती निम्मी कमी होते. एक भाग हालचालीचा आणि ताकदीचा: सांधा किती वाकतो, स्नायू किती जोर लावतो. दुसरा भाग तोल सांभाळण्याचा. त्यात नऊ क्रिया बघतात: सपाट जमिनीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, अधू पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकून बसणं आणि वळणं. प्रत्येकीला १० प्रमाणे एकूण ९०. आपल्याकडची माणसं इथेच मार खातात. डॉक्टरांनी 'जिना चढता का?' विचारलं की 'चढतो की!' असं रांगडेपणाने सांगून मोकळी होतात. कठडा धरून, पायरीपायरीला थांबत चढत असाल तर तसंच सांगा. शेतात उकिडवं बसता येत नाही, संडासला खुर्ची लागते, हेही सांगा. ही लाज वाटून घ्यायची जागा नव्हे. मात्र जे जमतं ते जमत नाही असंही दाखवू नका. स्नायूची ताकद आणि एक्स-रे लगेच खरं सांगतात आणि मग सगळ्याच सांगण्यावरचा विश्वास उडतो.

टक्क्यांची बेरीज साधी नसते, आणि यावरून गैरसमज फार होतात. हालचालीचे ४० आणि तोलाचे ३० निघाले तर उत्तर ७० येत नाही. मोठा आकडा ४० तसाच धरतात. मग ९० मधून ४० वजा करून ५० उरतात, त्यांना ३० ने गुणून ९० ने भागतात. आले साधारण १७. एकूण झाले ५७. डॉक्टरांनी टक्के कापले असं म्हणण्यापूर्वी हा हिशेब कागदावर मांडून बघा.

नियमाप्रमाणे निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. टक्के ४० च्या आत असतील तर कार्ड पांढरं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर असतील तर निळं. प्रमाणपत्रावर 'तात्पुरतं' लिहिलं असेल तर मुदतीची तारीख घरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा, कारण ती उलटली की त्यावर मिळणारं अनुदानही थांबू शकतं. निकाल पटला नाही तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं. नाकारल्याचं कारण लेखी मागा, अपिलाला त्याचाच आधार असतो.

कार्ड हातात आलं म्हणजे पैसे सुरू झाले असं मात्र नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसील कचेरीत वेगळा अर्ज करावा लागतो. अटी अशा: वय १८ ते ६५, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त, महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत. दिव्यांगांसाठी ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये झाली आहे. सगळ्यात जास्त अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावर अडकतात. दाखला तहसीलदारांचाच हवा, आणि तलाठ्याच्या चौकशीत उसाचं बिल, घरातल्यांचा पगार, दुधाचे पैसे हे सगळं येतं. म्हणून आधी घरात बसून खरा हिशेब करा.

मंजुरी झाली तरी पैसे आले नाहीत तर बहुतेक वेळा दोष बँक खात्याचा असतो. खात्याला आधार 'जोडलेलं' असणं आणि त्याच खात्यात थेट लाभ (डीबीटी) जमा होण्याची नोंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत जाऊन डीबीटी याच खात्यावर सुरू आहे का, एवढंच नेमकं विचारा. हयातीचा दाखलाही दरवर्षी विसरू नका.

याच कार्डावर एसटीत ७५ टक्के सवलत मिळते. रेल्वेची सवलत मात्र वेगळी आहे, तिला रेल्वेचं स्वतःचं ओळखपत्र काढावं लागतं. आणि ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, हे बऱ्याच गावांत कुणी आपणहून सांगत नाही. कार्डाची झेरॉक्स जोडून ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.