अचानक पाय सुजला? या चुका टाळा

गटारी झाल्यावर दोनेक दिवसांत मुंबईतल्या बऱ्याच घरांत हे घडतं. रात्री ठणठणीत झोपलेला माणूस पहाटे पायाच्या ठणक्याने उठून बसतो. अंगठ्याच्या मुळाशी सांधा लालभडक, हाताला गरम लागणारा, वर चादर टेकली तरी कळ मस्तकात. घरचे म्हणतात, "लोकलमधून उतरताना मुरगळला असेल." पण पाय मुरगळला तर तो बहुधा त्याच क्षणी कळतो, पहाटे तीनला असा अंगठा पेटला तर आधी गाऊटचा विचार करावा. रक्तातलं युरिक ॲसिड वाढून त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात, त्याचा हा दाह.

इथे पहिली चूक म्हणजे गरम तेलाने चोळणं. दाह असलेला सांधा चोळला की आणखी भडकतो. पाय उशीवर उंच ठेवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं लावा, पाणी प्या.

दुसरी चूक रिपोर्टची. ऐन दुखण्यात केलेल्या तपासणीत युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं, आणि माणूस "गाऊट नाही" म्हणून मोकळा होतो. दुखणं शमल्यावर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. ज्यांना निदान होऊन औषध चालू आहे, त्यांच्यासाठी युरिक ॲसिड दर डेसिलिटर रक्तात साधारण ६ मिलिग्रॅमच्या खाली हे लक्ष्य असतं. युरिक ॲसिड कमी करणारी ॲलोप्युरिनॉल ही गोळी आधीपासून चालू असेल तर झटका आला म्हणून ती मध्येच थांबवू नका.

मग पथ्य. डाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद, आणि शनिवारी बिअर मात्र चालू! प्युरिन म्हणजे ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड बनतं तो घटक, पण डाळी-पालकातल्या प्युरिनमुळे गाऊटचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. हात आखडायचा तो बिअर, कलेजी-भेजा, तारली-बांगडा आणि गोड कोल्ड्रिंकवर.

केमिस्टकडून डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी आणून तीन दिवस गिळत राहणं ही त्याहून महागात पडणारी चूक. गाऊट असलेल्यांना अनेकदा बीपी किंवा किडनीचा त्रास आधीच असतो, आणि ही गोळी किडनीवर ताण आणते. अल्सर असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

खरंच मुरगळला असेल तर चार पावलं टाकून बघा. पायावर भार देऊन तेवढंही जमत नसेल किंवा घोट्याच्या हाडावरच दाबल्यावर दुखत असेल, तर हाडवैद्याकडे जाण्याआधी एक्स-रे काढा.

एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय, नुकतंच ऑपरेशन झालंय किंवा गावाहून रात्रभर बसमध्ये बसून आलात, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशी पोटरी चेपून घेऊ नका, त्याच दिवशी दाखवा. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर १०८.

लाली पसरत असेल तर तिच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवा. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली किंवा ताप आला, तर तो जंतुसंसर्ग असण्याची शक्यता मोठी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालून बोटांच्या बेचक्यात चिरा पडतात, जंतू तिथूनच शिरतात. मधुमेह असेल तर रेघेचीही वाट बघू नका. पाय गरम आणि सुजलेला, पण दुखत नाही म्हणून निर्धास्त राहणारे मधुमेही सगळ्यांत जास्त धोक्यात असतात, कारण नसा बधिर झाल्याने आत हाडं खचत असली तरी त्यांना कळत नाही.

दोन्ही पाय सुजलेत आणि नडगीवर अंगठा दाबला की खळगा राहतो, तर हृदय, किडनी, लिव्हर तपासावं लागतं. कधी कारण अगदी साधं निघतं, बीपीची ॲम्लोडिपिन. पण म्हणून ती गोळी स्वतःहून सोडू नका. डोस कमी करून किंवा गोळी बदलून डॉक्टर मार्ग काढतात.